न उठलेल्या देवी

काशीराम शिवलकर डॉक्टर नव्हते, पण सावर्ड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात जी पंधरा-वीस गावं आहेत, तिथे त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. लहान मुलांना देवी टोचायचं सरकारी काम त्यांच्याकडे होतं. शिक्षण मराठी सातवीपर्यंत. बांधा बुटका, डोक्याला काळी टोपी, खांद्याला खाकी पिशवी. त्या पिशवीत एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात स्पिरिटचा दिवा, टोचायची सुरी, कापूस आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लसीच्या काचेच्या बारीक नळ्या. वाटेत पऱ्या, म्हणजे ओढा, आला की ते चपला हातात घेऊन पलीकडे जायचे आणि पाय पूर्ण वाळल्याशिवाय चपला घालायचे नाहीत. त्यासाठी दगडावर बसून राहायचे. एवढी सबुरी असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पांगरखोलला, म्हणजे आमच्या गावात, ते वर्षातून दोनदा येत. एकदा टोचायला आणि मग आठव्या दिवशी पाहायला. माझे वडील दत्तात्रेय मास्तर हे तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेचे हेडमास्तर. हेडमास्तर म्हणायचं इतकंच, शाळेत मास्तर तेच एक होते. काशीराम उतरायचे शाळेच्या पडवीत, जेवायला आमच्या ओटीवर. आईने वाढलेलं सगळं ते खाली मान घालून जेवत आणि उठताना पत्रावळ स्वतः उचलत.

मुलांना टोचायची त्यांची एक रीत होती. मुलाला मांडीशी घ्यायचे आणि विचारायचे, "तुमच्या गोठ्यात गुरं किती? त्यांची नावं काय?" मूल नावं सांगू लागायचं. तिसऱ्या-चौथ्या नावापर्यंत काम उरकलेलं असायचं. ज्यांच्या घरी गुरं नसत त्यांना ते मामाच्या गावच्या माणसांची नावं विचारायचे.

१९२५ सालच्या दिवाळीनंतर वरून हुकूम आला. ज्या मुलाला देवी काढल्याचा दाखला नाही, त्याचं नाव शाळेच्या पटावर ठेवायचं नाही. मार्चमध्ये दिपोटी, म्हणजे शाळांचे तपासनीस, येणार होते. त्याआधी सगळे दाखले तयार पाहिजेत असं त्यात म्हटलं होतं. आमच्या शाळेत तेव्हा चौतीस मुलं होती. त्यातल्या अकरांच्या दंडांवर वण होते. त्या अकरांत मी होते, कारण आजोळी रत्नागिरीस मी तान्ही असतानाच वडिलांनी मला टोचून घेतलं होतं. उरलेली तेवीस मुलं बहुतेक कुळवाड्यांची, त्यांच्या घरचे सुरीला भिऊन टोचणी टाळत आले होते.

त्यात एक चिमा. पऱ्यापलीकडच्या वाडीतून शाळेत येणारी ती एकटीच मुलगी. आठ वर्षांची असेल, माझ्याहून एका वर्षाने लहान. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पाढे म्हणताना ती डोळे मिटून घ्यायची, आणि कुणी मधेच बोललं की डोळे न उघडता थांबायची, बोलणं संपलं की तिथूनच पुढे. तिचा बाप बाबल्या मुंबईला गिरणीत होता. शिमग्याला आणि जमलंच तर गणपतीला घरी यायचा. आई सखू शेत, गुरं, सासू सगळं बघायची. लेकीला शाळेत घालायचं हे सखूच्याच मनातलं. नवऱ्याची पत्रं वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, ते लेकीच्या वाट्याला येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दाखल्याचं कळल्यावर मात्र सखू शाळेत आली आणि वडिलांना म्हणाली, "मास्तर, पोरीचं नाव काढून टाका. पन सुरी नको."

चिमाच्या आधीचं तिचं मूल माहेरी दुसऱ्या कुणी टोचल्यावर चार दिवसांनी तापाने गेलं होतं. ते दुसऱ्याच कुठल्या आजाराने गेलं असेल, पण तिच्या मनात टोचणी आणि ताप एकत्र बसले होते. वडिलांनी समजावून पाहिलं, ती ऐकेना. मग काशीराम स्वतः पऱ्या ओलांडून तिच्या वाडीत गेले. दुपारभर अंगणात बसून राहिले. तिने नाचणी पाखडून संपवली, शेण काढलं, म्हातारीला पेज दिली. ते बसलेलेच. शेवटी ती समोर येऊन बसली.

"माझ्या हातानं आजवर एकही मूल दगावलेलं नाही, सखूबाय," ते म्हणाले. "टोचलं की चार दिवस हात दुखेल, अंग कसकस करील. पण मग मोठ्या देवी तिच्या अंगाला शिवायच्या नाहीत. माझ्या शब्दावर आण तिला."

"तुमच्या शब्दावर?"

"माझ्या शब्दावर."

ती आणायला कबूल झाली.

पण माघात काशीरामांना हिवताप चढला. सावर्ड्यात ते ज्या माणसाकडे बिऱ्हाडाला होते, तिथेच पाच दिवस ते पडून राहिले. टपालाने आलेल्या लसीच्या नळ्या त्या पाच दिवसांत कौलांखालच्या फळीवर कोरड्या पडून होत्या. लस गार राहिली नाही तर मरते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. उठल्यावर त्यांनी नळ्या उजेडात धरून पाहिल्या. बघून काही कळत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. नवी मागवली तर यायला तीन आठवडे. दिपोटी यायला सोळा दिवस. त्यांनी त्याच नळ्या पिशवीत घातल्या.

तेवीस मुलांना टोचलं. चिमाने त्यांना गोठ्यातल्या सगळ्या गुरांची नावं सांगितली आणि काम झाल्यावरही सांगत राहिली, कारण तिच्या मते एक पाडी राहून गेली होती.

देवी टोचल्या की चार-पाच दिवसांत तिथे लालसर फुगवटा येतो, आठव्या दिवशी पाणी धरलेला टपोरा फोड होतो, पुढे खपली धरते आणि ती पडली की जन्माचा वण राहतो. याला देवी उठणं म्हणतात. उठल्या नाहीत तर टोचणी वाया, पुन्हा टोचलं पाहिजे. आठव्या दिवशी काशीराम आले आणि एकेक दंड पाहत गेले. तेवीसमध्ये चौघांच्या उठल्या होत्या. बाकीच्यांच्या दंडावर मांजराने ओरबाडल्यासारख्या चार रेघा, त्याही सुकलेल्या.

शाळा सुटल्यावर ते आमच्या ओटीवर आले. मी माजघरात दाराशी बसून कित्ता गिरवत होते. काशीराम म्हणाले, "मास्तर, लस मेली होती. चूक माझी आहे. मी नवी मागवतो."

वडील म्हणाले, "कधी येईल?"

"महिना धरा."

"दिपोटी आठ दिवसांनी येतायत. एकोणीस नावं पटावरून कमी केली तर शाळेत राहतील पंधरा. पंधरा मुलांसाठी शाळा कोण चालू ठेवील? बंदच करतील, शिवलकर."

काशीरामांनी पिशवी जवळ ओढली.

"तुम्ही उठल्या असं लिहा," वडील म्हणाले. "पुढच्या हंगामात आलात की याच एकोणीस जणांना गुपचूप पुन्हा टोचा. मी यादी करून ठेवतो. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

माझे वडील वाईट नव्हते. ती शाळा त्यांनी दारोदार फिरून उभी केली होती, आणि ती बंद पडली तर पुन्हा उघडणार नाही हेही खरं होतं. हे मी त्यांच्या बाजूने म्हणून सांगत नाही, जे होतं ते सांगते. काशीरामांनी बराच वेळ डोक्यावरची टोपी हातात घेऊन पाहिली आणि मग वही उघडली.

दुसऱ्या दिवशी दाखले वाटले. सखू लेकीला घेऊन आली होती. तिने चिमाचा दंड पुढे केला.

"डाक्तर, हिचं काय उठलंच नाय वो. माज्या म्हायेरच्या पोरांचं टपोरं उठलेलं."

काशीरामांनी दंडाकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "कुणाकुणाचं आतून उठतं, सखूबाय. वरून दिसत नाही."

ती मान हलवून दाखला घेऊन गेली. कागद घडी घालून तिने नवऱ्याच्या पत्रांच्या डब्यात ठेवला.

दिपोटी आले, त्यांनी वही पाहिली, दाखले मोजले, मुलांकडून कविता म्हणून घेतली आणि गेले. कुणाचा दंड त्यांनी पाहिला नाही. शाळेला चांगला शेरा मिळाला.

पुढच्या हंगामात काशीराम आले नाहीत. त्यांना गुहागरच्या बाजूची गावं दिली आणि आमच्याकडे दुसरा माणूस आला. त्याने वहीत पाहिलं, शाळेच्या पोरांना सगळ्यांना उठलेल्या. त्याने घरोघरची तान्ही मुलं तेवढी टोचली. वडिलांनी केलेली यादी त्यांच्या पेटीत होती. ती नव्या माणसाला दाखवायची तर आधीची वही खोटी होती हे सांगावं लागणार होतं. वडिलांनी ती दाखवली नाही. काशीरामांनीही जाताना त्या माणसाला काही सांगितलं नव्हतं. "एक वर्ष तर काही झालं नाही," असं आपण मनाशी म्हटलं होतं, हे पुढे त्यांनीच मला सांगितलं.

१९२७ च्या शिमग्याला बाबल्या नेहमीसारखा आगबोटीने दाभोळला उतरला आणि खाडीने चिपळूणपर्यंत आला. बोटीतच त्याला बारीक ताप होता. कपाळावर आणि मनगटावर मिळून सात-आठ पुटकुळ्या. गिरणीत सगळ्यांना टोचलेलं असल्यामुळे त्याला देवी आल्या त्या इतक्या हलक्या, की त्याला वाटलं उन्हाने घामोळं आलं. घरी येऊन तो दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी पालखी नाचवायला गेला. चिमा त्याच्या पाठीवर, कधी खांद्यावर. मुंबईहून त्याने तिला लाकडी पट्टी आणली होती. ती घेऊन चिमा शाळेत आली आणि आम्ही सगळ्यांनी त्या पट्टीने आपापल्या पाट्यांवर रेघा मारून घेतल्या.

बारा-तेरा दिवसांनी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं, आणि म्हातारीने पाहिल्याबरोबर सांगितलं की मोठ्या देवी आल्या. दारात कडुलिंबाचा डहाळा लावला. घरात फोडणी बंद झाली. त्याच आठवड्यात शाळेतली आणखी सहा मुलं पडली. शाळा बंद केली. तालुक्याहून ताबडतोब टोचणीचा हुकूम निघाला आणि गाव माहितीचं म्हणून गुहागरहून काशीरामांनाच पाठवलं.

या खेपेस ताजी लस त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरून आणली. आल्या आल्या वडिलांना भेटले, पण दोघे काय बोलले ते मला माहीत नाही. ते सरळ पऱ्यापलीकडे गेले.

चिमाला केळीच्या पानांवर निजवलं होतं. चेहरा ओळखू येत नव्हता. पापण्या सुजून मिटलेल्या. दंडावरही फोडच फोड, पण जिथे वण असायला हवा होता तिथे तो नव्हता, हे त्यांना दिसलं. त्यांचा आवाज ओळखून ती म्हणाली, "डाक्तर, पाडी आता गाय झाली." त्यांनी तिला पाणी पाजलं. तिच्या घशातही फोड होते, पाणी उतरेना.

सखूने डबा उघडून दाखला बाहेर काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"दाखला हाय ना हिचा? तुमीच दिलाय. मग ह्ये कसं झालं?"

काशीरामांनी कागद हातात घेतला. त्यावर त्यांचीच सही होती.

"कधीकधी होतं," ते म्हणाले. "बाहेरून जोराची आली तर होतं."

खोटं बोलायचं म्हणून ते बोलले नव्हते. तोंडातून पहिलं जे आलं ते बोलले. पण त्या एका वाक्याने काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं नाही. सखूने मान वळवून भिंतीशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरच्या खपल्या अजून पुरत्या पडल्या नव्हत्या.

चिमा अकराव्या दिवशी गेली. त्या सात मुलांतली आणखी दोन गेली. एकाचा डावा डोळा गेला. सातही मुलं वडिलांच्या पेटीतल्या यादीतली होती. यादीतल्या उरलेल्या बारा जणांना काशीरामांनी त्या खेपेस टोचलं.

चिमाचे दिवस झाल्यावर बाबल्या मुंबईस परत गेला. जाताना तो सखूशी बोलायला थांबला, ती गोठ्यातून बाहेर आली नाही. आम्हाला हे वाडीतल्या बायकांनी सांगितलं. सखू सगळ्यांना एकच सांगायची, "ह्यानं अंगातनं आनली आनि पोरीला दिली. डाक्तरनं सांगितलंय, जोराची व्हती म्हनून." पुढच्या शिमग्याला बाबल्या आला नाही.

त्याचं पत्र आलं. सखू ते घेऊन आमच्याकडे आली, कारण आता तिला वाचून दाखवणारं घरात कुणी नव्हतं. वडिलांनी ओटीवर बसून ते मोठ्याने वाचलं. चाळीतल्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं होतं. "माझ्या अंगात देवी होत्या हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी दाभोळासच थांबलो असतो. तू म्हणशील तर येतो. नाही म्हणशील तर येत नाही." वाचून झाल्यावर वडिलांनी पत्राची घडी घातली.

सखू म्हणाली, "मास्तर, लिवा. येऊ नको म्हनावं."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांनी सांगितलं असतं तर? हे मी पुढे शंभरदा मनात म्हटलं आहे. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, माजघरातून ऐकलेलं ते बोलणं माझ्या डोक्यात होतं, पण त्याचा आणि चिमाच्या मरणाचा धागा मला जोडता आला नव्हता. किंवा जोडायचा नव्हता. वडिलांनी दौत पुढे ओढली, बोरू बुडवला आणि 'येऊ नये' असं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणखी एक पत्र आलं, त्यालाही तेच उत्तर गेलं. मग पत्रं थांबली. १९३१ साली वडील हृदयविकाराने वारले. पेटी आवरताना मला ती यादी मिळाली. एकोणीस नावं, वर तारीख, आणि तीन नावांपुढे नंतर केव्हातरी काढलेली बारीक फुली. तेव्हा मला सगळं समजलं. मीही कुणाला सांगितलं नाही. आईच्या हयातीत वडिलांचं नाव यात आणायचं माझ्याने झालं नाही, असं मी म्हणते. खरं तर मला भीती वाटली.

दोन वर्षांनी बाबल्या मुंबईत विषमज्वराने गेला. वाडीतला धाकू त्याच गिरणीत होता, त्याने निरोप आणला. शेवटी शेवटी तो चिमाच्या नावाने हाका मारीत होता, एवढं धाकूने सखूला सांगितलं. सखूने कुंकू पुसलं. रडताना तिला कुणी पाहिलं नाही.

या सगळ्या वर्षांत काशीराम गुहागरकडच्या गावांत टोचत फिरत होते. इतर माणसं आठव्या दिवशी मास्तरला किंवा पाटलाला विचारून वही भरत. काशीराम स्वतः जाऊन एकेक दंड पाहत, आणि जिथे उठल्या नाहीत तिथे तसं लिहीत. इतरांच्या वह्यांत वाया गेलेल्या टोचण्या क्वचित दिसत, यांच्या वहीत पानोपानी. वरच्यांनी त्यांना दोनदा लेखी ताकीद दिली, की तुमचं काम निष्काळजीपणाचं दिसतं. त्यावर त्यांनी खुलासा केला नाही. त्यांच्या मागून आलेली माणसं वरच्या जागी गेली. जेवायला ते आता कुणाच्या ओटीवर बसत नसत, पिशवीत भाकरी असायची.

१९३५ च्या माघात त्यांना पुन्हा आमची गावं मिळाली. मी तेव्हा पांगरखोलच्या शाळेतच दुसरी मास्तरीण होते. ते पडवीत येऊन बसले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही, इतके ते वाळले होते. मी दत्तात्रेय मास्तरांची उमा, असं सांगितल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मास्तर गेले, कळलं मला."

सकाळी मुलांची रांग लागली. पऱ्यापलीकडच्या वाडीतून बारा मुलं आली आणि त्यांना घेऊन आली होती सखू. वाडीतल्या बायका आता तिचंच ऐकत. टोचून घ्यायला कुणी कुरकुरलं तर ती त्या घरी जाऊन बसायची. तिच्या कडेवर दिराचा नातू होता. काशीरामांना पाहून ती हसली. त्या बाईला मी आठ वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं.

"डाक्तर, आलात," ती म्हणाली. "ही सगळी आनलीत बगा. चिमाचं नशीब नव्हतं, बापानंच जोराची आनली, तुमी तरी काय करनार? पन मी ह्यांना सांगतंय, देवी डाक्तर खोटं बोलायचा नाय."

काशीरामांच्या हातात सुरी होती, ती त्यांनी डब्यात ठेवली. पडवीत पंचवीस-तीस माणसं होती. ते उठले, तिला म्हणाले, "सखूबाय, इकडे ये जरा," आणि शाळेच्या मागे फणसाखाली गेले. मी त्यांच्या मागे गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपण तिथे असलं पाहिजे असं मला वाटलं.

त्यांनी सगळं सांगितलं. फळीवरच्या नळ्यांपासून. आवाज न चढवता, एकही शब्द न गाळता, जसं आपण रोगाची लक्षणं सांगतो तसं. आतून उठतं म्हणालो ते खोटं होतं. जोराची होती म्हणालो तेही खोटं. लस जिवंत असती तर बाबल्याच्या मांडीवर बसूनसुद्धा चिमाला काही झालं नसतं.

सखू ऐकत होती. मूल तिच्या कडेवर चुळबुळ करत होतं, त्याला ती थोपटत होती. थोपटायचं थांबली नाही.

"आनि कुनाला ठावं व्हतं?" तिने विचारलं.

काशीराम माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाच."

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनाही माहीत होतं, सखूबाय. त्यांनीच लिहायला सांगितलं. आणि ते गेल्यापासून मलाही माहीत आहे."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तेनीच लिवलं ना माज्या मानसाला? येऊ नको म्हनून."

"हो."

"मी सांगितलं तसं लिवलं."

"हो."

पडवीतून मला मुलांनी दोनदा हाक मारली. शेवटी ती काशीरामांना म्हणाली, "पोरगी गेली ती गेली. देव न्हेतो तशी तुमी न्हेलीत. पन माजा मानूस तरी मला ठेवायचा व्हतात. येक बोलला असतात तर तो माज्या घरात मेला असता."

काशीरामांनी तिच्या पायांशी वाकायला पाहिलं. ती दोन पावलं मागे सरली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्याला टोचायचं हाय. नळी बगू आदी."

त्यांनी पडवीत येऊन तिला नळ्या दाखवल्या, त्या केव्हा आल्या, कशा आणल्या ते सांगितलं. तिला त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. तिने बाराही मुलांना टोचून घेतलं आणि त्यांना घेऊन गेली. आठव्या दिवशी काशीराम आले तेव्हा ती प्रत्येक मुलाचा दंड त्यांच्याआधी स्वतः बघत होती. सगळ्यांच्या उठल्या होत्या.

त्या संध्याकाळी पडवीत बसून काशीरामांनी तालुक्याला अर्ज लिहिला. १९२६ साली पांगरखोलच्या शाळेत एकोणीस खोटे दाखले दिले, त्यांतली तीन मुलं दगावली, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी म्हटलं, "वडिलांचंही नाव घाला." ते म्हणाले, "सही माझी होती." मग मी माझ्याकडची ती यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली. फुल्यांवरून बोट फिरवलं आणि मला परत दिली.

सहा महिने चौकशी चालली. वडिलांच्या यादीची एक नक्कल मी माझ्या सहीने पाठवली, तिची पोचही आली नाही. काशीरामांना कामावरून कमी केलं. ते अलोऱ्याला भावाकडे जाऊन राहिले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. भावाच्या शेतावर ते बांध घालायचे, गुरांमागे जायचे. आसपासचे लोक अजून मुलं घेऊन यायचे, की डॉक्टर, तुमच्या हाताने टोचा. ते म्हणायचे, "मला आता अधिकार नाही. सरकारी माणूस येईल त्याच्याकडून टोचून घ्या, आणि आठव्या दिवशी त्याला परत बोलवा. आला नाही तर त्याच्या मागे लागा."

मी त्यांना एकदाच भेटायला गेले, १९३८ साली. अंगणात बसलो. पांगरखोलची त्यांनी विचारपूस केली. कोणाची मुलं शाळेत आहेत, पऱ्यावर पायी जायचा साकव झाला का. सखूचं नाव त्यांनी काढलं नाही, मीच सांगितलं की ती बरी आहे. एकदा ती माझ्याकडे नवऱ्याची दोन पत्रं घेऊन आली होती आणि दोन्ही तिने पुन्हा वाचून घेतली, हे मात्र मी सांगितलं नाही. ते ऐकून त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, हे मला ठरवता आलं नाही.

पुढच्या वर्षी भाद्रपदात ते हगवणीने गेले. भावाचं कार्ड मला चार दिवसांनी मिळालं. शाळा सुटल्यावर मी पऱ्यापलीकडे गेले. सखू वर सड्यावर, कातळाच्या माळावर, गवत कापत होती. मी तिला सांगितलं. तिने विळा खाली ठेवला आणि कापलेलं गवत गोळा करून बांधायला घेतलं.

"जवळ कोन व्हतं?" तिने विचारलं.

"भाऊ होता. भावजय होती."

"बरं झालं," ती म्हणाली. "येकटा नाय गेला."

भारा ओल्या गवताचा होता, जड. मी हात दिला. तिने तो डोक्यावर घेतला, मान सावरली आणि उताराने घराकडे निघाली.